शांतवन मास्तरांचा विमानतळ

शांतवन मास्तर आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी माझे नाव विचारले नाही की गाव विचारले नाही. सदऱ्याच्या खिशातून ओळंबा काढला, दोरीला धरून आमच्या दाराच्या चौकटीपाशी सोडला, एक डोळा मिटून पाहिले आणि म्हणाले, "गुण्यात नाही." मग ओळंबा खिशात टाकून निघून गेले. मी नुकताच त्या गावच्या मराठी शाळेवर बदलून आलो होतो. बायकोने विचारले, कोण होते? मी म्हटले, ठाऊक नाही, पण आपले घर पडणार आहे असे दिसते.

घर काही पडले नाही. गुण्या म्हणजे सुताराचे काटकोन तपासायचे हत्यार. मास्तर मिशनच्या शाळेत पोरांना सुतारकाम शिकवत, आणि जगातली यच्चयावत गोष्ट त्याच हत्याराने मोजत. पाळकांचे प्रवचन लांबले की गुण्यात नाही. आमटीत मीठ जास्त झाले की गुण्यात नाही. पाटलांच्या मुलीसाठी स्थळ आले, साऱ्या गावाने मुलगा पसंत केला, मास्तर लांबूनच म्हणाले, गुण्यात नाही. मुलगा डाव्या पायाने किंचित लंगडत होता आणि ही गोष्ट मुलीकडच्या पंधरा माणसांच्या नजरेतून सुटली होती. भैरोबाच्या जत्रेत काठी उभी करताना हा ख्रिस्ती माणूस मध्येच घुसला आणि काठीला ओळंबा लावू लागला. वाजंत्री थांबली, पाटील खवळले. काठी दोन बोटे सरकवली तेव्हाच मास्तर बाजूला झाले. पुढच्या वर्षी मात्र काठी उचलायच्या आधी पाटीलच म्हणाले, त्या मास्तराला बोलवा.

दुसरी गोष्ट म्हणजे त्यांचा पाय ठरत नसे. आमच्याकडे ते चहा घेत तो अंगणात फेऱ्या मारत. बायको बशी घेऊन दारात उभी राही आणि मास्तर समोरून गेले की घोटभर पिऊन बशी परत तिच्या हातात देत. देवळातले म्हणजे त्यांच्या ख्रिस्ती देवळातले सगळे बाक त्यांनी स्वतः केलेले, पण उपासनेला ते मागे भिंतीपाशी उभे, तेही या पायावरून त्या पायावर. त्यांच्याशी पाच मिनिटे बोलले की आपल्यालाच कुठेतरी जायचे राहून गेले आहे असे वाटू लागे. मी त्यांना एकदा विचारले, "मास्तर, तुम्हांला घाई कसली आहे?" तर म्हणाले, "एक काम राहिलंय, गुरुजी." कुठले काम ते सांगितले नाही.

आणि विमानाचा आवाज आला की संपलेच. हातात रंधा असो की भाकरीचा तुकडा, तो तिथेच टाकून मास्तर उघड्यावर. आम्हांला नुसती घरघर ऐकू येई, मास्तरांना इंजिनाची तब्येत ऐकू येई. "एक नळकांडं खोकतंय," असे म्हणून ते काळजीने नगरच्या दिशेला पाहत राहत, ते विमान दिसेनासे झाल्यावरही बराच वेळ. विमानाशी त्यांचा संबंध जुना होता. पहिल्या महायुद्धात ते बसऱ्याकडे एका विमानपथकात सुतार होते. तेव्हाची विमाने लाकडाची आणि कापडाची असत, आणि मास्तर त्यांचे मोडलेले पंख दुरुस्त करीत. तिकडून आल्यावर नगरच्या मिशनने त्यांना मोठ्या शाळेत चांगली जागा देऊ केली होती. ती नाकारून ते सुप्याच्या पलीकडे चार मैलांवर आमच्या गावात का येऊन राहिले, हे कुणालाच सांगता येत नसे.

दुसरे महायुद्ध चालू असताना लष्कराने आमच्या गावच्या माळावर विमाने उतरायला जागा केली. रूळ फिरवून माळ परातीसारखा सपाट केला, पत्र्याची शेड उभारली, एका खांबाला वाऱ्याची दिशा दाखवणारी लांबोडकी कापडी पिशवी बांधली. महिन्या दोन महिन्यांनी एखादे लहानसे विमान उतरे आणि गावाला सुट्टी मिळे. मग लढाई संपली. रखवालदार गेला, पिशवीच्या चिंध्या झाल्या, पण माळ राहिला. पारनेर तालुक्यात दगडाला तोटा नाही, तिथे असली गुळगुळीत जमीन कुणाच्या बापजाद्याने पाहिली नव्हती. पहिल्याच सुगीला पाटलांनी तिथे खळे केले. पाठोपाठ सारे गाव आले. जिथे विमाने उतरायची तिथे बैल गोल फिरू लागले, हुलग्याचे ढीग लागले आणि बायका मिरच्या वाळत घालू लागल्या.

मास्तरांनी आपल्या जुन्या धोतराची नवी पिशवी शिवून खांबाला बांधली. रोज सकाळी शाळेआधी ते माळावर जात, म्हशी हाकलत, दगड वेचत, आणि एक दिवस त्यांनी पाटलांचा हुलग्याचा ढीग एकट्याने पाटीपाटीने उचलून माळाच्या कडेला नेऊन टाकला. पाटील तणतणत आले. म्हणाले, "मास्तर, लढाई सपली. तुमचा बादशा बी घरी निगाला. आता कशाचं इमान येतंय?" मास्तर म्हणाले, "लढाई संपली, वारा संपलाय का?" पाटील खांबावरच्या पिशवीकडे बघत परत गेले.

शाळेच्याच खोलीत मी टपालाचेही काम पाहत असे, त्यामुळे गावातल्या अर्जविनंत्या माझ्याच हातून जात. मास्तरांच्या अर्जांचा सुळसुळाट त्या वर्षी सुरू झाला. अर्ज एकच असे, फक्त वरचा साहेब बदले. विनंती अशी की, या माळाला दौलत बयाजी शेळके यांचे नाव द्यावे.

दौलत शेळके आमच्याच गावचा. मेंढरे राखायचा. पहिल्या लढाईत भरती झाला आणि बसऱ्याला मास्तरांच्याच पथकात इंजिने पुसायला लागला. एकदा मागच्या खुर्चीवर बंदूक घेऊन बसणारा गोरा शिपाई आजारी पडला, तेव्हा दौलत म्हणाला, मी बसतो. साहेब हसला, पण माणूसच नव्हता म्हणून बसवले. दौलतचा नेम मेंढरांमागच्या लांडग्यांवर तयार झालेला. त्यानंतर ती खुर्ची त्याचीच झाली. ज्या काळात नगरच्या मोठमोठ्या साहेबांनी विमान नुसते छापील चित्रात पाहिले होते, त्या काळात आमच्या माळावरचा एक मेंढका आकाशात बसून लढत होता. आपल्या तालुक्यातून वर गेलेला पहिला माणूस, असे मास्तर अर्जात लिहायला लावत, आणि 'पहिला' या शब्दाखाली दोन रेघा मारायला लावत. मग एक दिवस त्याचे विमान परत आले नाही. घरी कागद आला तो एवढाच, की दौलत शेळके बेपत्ता आहे.

त्याची बायको राहीबाई तेव्हा सोळा वर्षांची होती. मी पाहिली तेव्हा ती पंचेचाळिशीच्या पुढे गेली होती, माळाच्या कडेला दोन खणांच्या घरात एकटी राही, आणि तिच्या कपाळावर बंद्या रुपयाएवढे कुंकू असे. गावाने दौलतविषयी पुष्कळ तर्क केले होते. कुणी म्हणे कैदेत आहे, कुणी म्हणे तिकडच्याच एका बाईशी लग्न करून सुखात आहे. राहीबाईंसमोर मात्र कुणी बोलत नसे. मास्तर दर वर्षी पावसाळ्याआधी तिच्या दाराची दुरुस्ती करायला जात. त्या दाराला काही झालेले नसे. तरी ते काढायचे, घासायचे, परत बसवायचे, आणि उंबऱ्याबाहेरूनच परत फिरायचे. यावरून गावात जे बोलले जाई तेही मास्तरांच्या कानावर असणार, पण त्यांनी त्याला ओळंबा लावला नाही.

स्वराज्य आले त्या हिवाळ्यात कचेरीतून एक कागद आला. माळ सरकार आपल्याकडे ठेवणार, लष्करातला एक मोठा अधिकारी, आता आपलाच माणूस, तीन आठवड्यांनी तिथे येणार आणि माळाला रीतसर नाव देणार. गावाने नाव सुचवावे. मास्तरांनी तो कागद माझ्या हातातून घेतला आणि वाचत वाचत शाळेला तीन प्रदक्षिणा घातल्या.

चावडीवर सभा भरली. पाटलांनी आपल्या वडिलांचे नाव पुढे केले. त्यांचे म्हणणे सरळ होते, माळातला मोठा तुकडा त्यांचा, तेव्हा नावही त्यांचे. मास्तर उभे राहून, म्हणजे फिरत फिरत, म्हणाले की तुमचे वडील कधी झाडावरसुद्धा चढले नाहीत. हे खरे होते, पण सभेत बोलायचे नव्हते. दोन तास घासाघीस झाली आणि शेवटी ठरले की दोघांनी आपापले कागद मामलेदारांपुढे ठेवावेत. दौलतचे कागद नाव द्यायच्या दिवसाआधी पुरे झाले नाहीत तर पाटलांच्या वडिलांचे नाव.

दुसऱ्या दिवशी मी आणि मास्तर पारनेरला गेलो. मी बैलगाडीत, मास्तर गाडीपुढे चालत. वाटेत चार वेळा थांबून त्यांनी माझ्याकडून अर्ज वाचून घेतला. मामलेदार तरुण होता, चांगला होता. त्याने सगळे ऐकून घेतले, दौलतची हकिकत त्याला आवडलीही. मग म्हणाला, "जिवंत माणसाचं नाव देता येत नाही. हा गृहस्थ वारला आहे ना?"

मी मास्तरांकडे पाहिले. मास्तर कचेरीच्या दाराची चौकट बघत होते.

"कागद म्हणतो बेपत्ता," मामलेदार म्हणाला. "बेपत्ता म्हणजे मयत नव्हे. मयताचा दाखला आणा, नाहीतर प्रत्यक्ष पाहणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणा. आणि त्याच्या बायकोची संमती."

परत येताना मास्तर गाडीच्या मागे चालत होते. त्यानंतर ते माझ्याकडे फिरकलेच नाहीत. तीन दिवस गेले, आठवडा गेला. सकाळी माळावर म्हशी बिनघोर चरू लागल्या. पाटलांनी वडिलांच्या नावाची पाटी रंगवायला टाकल्याची बातमी आली. आता अस्वस्थ व्हायची पाळी माझी होती. खरे सांगायचे तर दौलतशी माझे काही देणेघेणे नव्हते, पण एवढे अर्ज स्वतःच्या हाताने लिहिल्यावर माणूस त्यात गुंततो. वर्गात पाढे म्हणून घेताना माझे लक्ष खिडकीबाहेर. बायको म्हणाली, तुम्हीही फेऱ्या मारत चहा प्यायला लागलात.

दहाव्या दिवशी दुपारी मास्तर आले. पोरे सुटली होती. त्यांनी दार ओढून घेतले आणि शाळेच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालत, माझ्याकडे न पाहता, त्यांनी जे सांगितले ते मी जन्मात विसरणार नाही.

दौलतचे विमान वाळवंटात पडले होते. गोऱ्या वैमानिकाला तिथल्या घोडेस्वारांनी छावणीत आणून टाकले, तापात तो जागा सांगून मेला. तीन दिवसांनी मास्तरांना आणि एका मोटारवाल्याला पाठवले. हुकूम असा की इंजिन आणा, बंदूक आणा, आणि पंखांचे चांगले लाकूड आणा, लाकडाची टंचाई आहे. दौलत मागच्या खुर्चीवरच होता. तीन दिवसांच्या उन्हानंतर त्याला परत नेता येण्यासारखे नव्हते. मोटारवाला म्हणाला, वाळूत पुरून टाकू.

"त्यानं मला एकदा सांगितलं होतं," मास्तर म्हणाले. "शांतवन, मला पुरू नको, मातीत माझा जीव कोंडेल. आता तिथं वाळवंटात सरपण कुठलं? काडी नाही. मग मी पंख सोडवले. त्यातले वासे मीच रंधलेले होते, गुरुजी. माझ्या हातचे. ते रचले, वर त्याला ठेवला आणि आग दिली. चांगलं वाळलेलं लाकूड. स्वच्छ जळलं."

मी विचारले, "मग छावणीत हे का सांगितलं नाहीत?"

"लाकूड सरकारी होतं."

मला काही कळेना. मास्तर थांबले नाहीत. साहेबाने विचारले, लाकूड कुठे आहे? यांनी सांगितले, वाळूत गेले. साहेबाने विचारले, माणूस कुठे आहे? माणूस सापडला म्हणावे तर त्याचे काय केले ते सांगावे लागणार, आणि मग लाकडाचे सांगावे लागणार, आणि लढाईच्या दिवसांत त्याला काय शिक्षा होती ते त्यांनी पाहिलेले. म्हणून म्हणाले, माणूस सापडला नाही. साहेबाने लिहिले, बेपत्ता. मोटारवाल्याने मान डोलावली. पुढे तोही तापाने गेला.

"लढाईवरून आलो तो सरळ इथंच आलो. राहीबाईंना सांगायला. तिनं दार उघडलं, हे एवढं कुंकू. मला म्हणाली, त्यांचा ठाव लागला का? आणि माझ्या तोंडून गेलं, शोध चालू आहे. मग रोज वाटायचं, उद्या सांगू. गावातच राहिलो. अठ्ठावीस पावसाळे गेले."

मी म्हटले, "मास्तर, तो साहेब गेला, ते सरकारही गेलं. आता तुम्हांला कोण शिक्षा करणार?"

"राहीबाई," मास्तर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. मी कागद, दौत आणि अंगठ्याच्या शाईची डबी घेतली होती. जाताना मला सारखे वाटत होते की परत फिरावे. एका बाईचे कुंकू पुसायला आपण दौत घेऊन निघालो आहोत, दुसरे काय? मराठी शाळेच्या एका गुरुजीला हे उद्योग कुणी सांगितले होते?

राहीबाई दारात सुपात हुलगे पाखडत होत्या. मास्तरांनी उंबऱ्याबाहेर उभे राहून सगळे सांगितले. मला सांगितले होते तसेच, पण फेऱ्या न मारता, एका जागी उभे राहून. लाकडाचे सांगितले, साहेबाचे सांगितले, आपण घाबरलो हेही सांगितले. राहीबाईंचे सूप हलायचे थांबले होते. मास्तरांच्या तोंडाकडे माझ्याने पाहवेना.

मग तिने विचारले, "अग्नी दिला म्हनता?"

"दिला."

"समदं नीट झालं? आर्धं न्हाई ना ऱ्हायलं?"

"नीट झालं. मी शेवटपर्यंत होतो."

"तोंडात पानी?"

"बाटलीत होतं तेवढं घातलं."

राहीबाईंनी सूप खाली ठेवले. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, "मला वाटायचं, कोल्ह्याकुत्र्यानं नेलं आसंल. रातध्याड त्योच घोर. ते येत्याल म्हनून मी कुकू लावीत न्हवते, मास्तर. येनारं मानूस इतकी वर्सं ऱ्हात न्हाई, येवढं मला बी कळतं. पन पुसायचं कंच्या दिशी? कुनाच्या सांगन्यावरनं?"

मग म्हणाल्या, "तुमी लवकर सांगायचं हुतं. लई वंगाळ केलं तुमी." त्यात राग होता, आणि तो रास्त होता. मास्तरांनी मान खाली घातली. ते एका शब्दाने आपली बाजू मांडायला गेले नाहीत, आणि त्या क्षणी मला त्यांच्याविषयी जेवढा आदर वाटला तेवढा पुढे थोर थोर माणसांविषयीही वाटला नाही.

कागद तर करायलाच हवा होता. मी खाली बसलो आणि प्रतिज्ञापत्र लिहू लागलो. मजकूर झाला. खाली रकाना होता, मयताशी नाते. मी सवयीने विचारले. मास्तर म्हणाले, "तिथं रेघ मारा."

ही रेघ माझ्या ओळखीची होती. टपालखात्याचा कुठलाही कागद भरताना नातेवाइकाच्या रकान्यात ते रेघच मारायला लावत. संवत छप्पनच्या, म्हणजे इंग्रजी १९०० सालच्या दुष्काळात घोडेगावच्या बाजाराजवळ रस्त्याकडेला मिशनच्या मडमेला जे पोर सापडले, ते हे. आईबाप कोण, कळले नाही. शांतवन हे नाव मिशनने दिले. लग्न केले नाही. जगातल्या एकाही कागदावर त्यांचे कुणी नव्हते.

मी रेघ मारायला टाक टेकवला तेव्हा राहीबाई म्हणाल्या, "रेघ कशाची मारता? भाऊ लिवा."

मी म्हटले, "बाई, हा सरकारी कागद आहे. हे ख्रिस्ती, ते शेळके."

"अग्नी परका देतो व्हय, गुरुजी? भाऊ लिवा."

मी लिहिले. माझे अक्षर गावात नावाजलेले, पण त्या दोन अक्षरांवर शाई जरा पसरली आहे. संमतीच्या कागदावर राहीबाईंनी अंगठा दिला.

साक्षीदार म्हणून सही लागणार होती आणि दिवस चारच उरले होते. मी भीत भीत पाटलांकडे गेलो. त्यांनी कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. दुसऱ्यांदा वाचताना ते उठून आत गेले, आणि परत आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. दौलत आणि ते बरोबरीचे, एका मेंढवाड्यात वाढलेले, हे मला तेव्हा कळले. सही ठोकून म्हणाले, "आमच्या बापाचं नाव सातबाऱ्यावर हाय, तेवढं त्याला बास. पन मास्तराला सांगा, इमान येत न्हाई त्या दिशी खळं माझं." मी मास्तरांच्या वतीने कबूल केले. मामलेदारांनी नात्याच्या रकान्यापाशी भुवई उंचावली, पाटलांची सही पाहिली आणि शिक्का मारला.

नाव द्यायच्या दिवशी माळ शेणाने सारवल्यासारखा स्वच्छ होता. सारे गाव वर बघत उभे राहिले, आणि साहेब जीपमधून आले. विमानात काही बिघाड होता म्हणे. मास्तरांना हे मुळीच पसंत पडले नाही. विमानतळाला जीप, असे ते तीन वेळा पुटपुटले. पाटी त्यांनी स्वतः केली होती, जाड सागवानाची, अक्षरे पटाशीने कोरलेली: दौलत बयाजी शेळके विमानतळ. खाली, आपल्या तालुक्यातून आकाशात गेलेला पहिला माणूस. साहेबांनी पडदा ओढला. शाळेच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या, पाटलांनी नारळ फोडला. राहीबाई बायकांच्या पुढे उभ्या होत्या. त्यांच्या कपाळावर कुंकू नव्हते. एवढ्या वर्षांची खूण त्या जागी फिकट गोल दिसत होती. त्यांनी वाचता येत नसतानाही पाटी डावीकडून उजवीकडे नीट पाहिली.

साहेब गेले, लोक पांगू लागले. आमच्याकडे घरात मयत झाली की त्या दिवशी चूल पेटत नाही. शेजारीपाजारी पिठलं-भाकरी आणतात आणि अग्नी दिलेल्या माणसाला घरच्यांबरोबर जेवू घालतात. त्याला कडू घास म्हणतात. इतकी वर्षे राहून गेलेला तो घास म्हणून पाटलीणबाईंनी राहीबाईंच्या घरी पिठलं-भाकरी पाठवली होती. मास्तरांना यातले काही ठाऊक नव्हते. ते पाटीच्या खांबापाशी पाचर ठोकत होते.

माळाच्या कडेवरून राहीबाईंनी हाक मारली, "भावजी."

मास्तर पाचर ठोकत राहिले.

"अवो भावजी, घास खोळंबलाय."

मास्तरांनी वळून पाहिले. राहीबाई उभ्या होत्या. मास्तरांनी पाटलांकडे पाहिले, मग माझ्याकडे, मग मागे कुणी उभे आहे का तेही पाहिले.

मी म्हटले, "मास्तर, तुम्हांला."

"मला?" मास्तर म्हणाले. त्यांनी हातोडी माझ्या हातात दिली, तळवे धोतराला पुसले आणि ते तिच्या घराकडे चालू लागले.